एक्सेल पुरत नाही

वंशावळीची एक्सेल फाइल सगळ्या नातेवाइकांना ईमेल केली की काम झालं, असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. आमच्याकडे तेच केलं आणि दोन वर्षांत एकाच घराण्याच्या पाच फाइली झाल्या. प्रत्येकीत आत्याच्या सासरचं आडनाव वेगळं! वंशावळीच्या बहुतेक प्रोग्रॅमना कळणारी जेडकॉम फाइल पाठवणं बरं, फक्त साठवताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट टिकवणारी अक्षरपद्धत) निवडा. मी पहिल्यांदा ते पाहिलं नाही, तर चुलत भावाकडे पणजोबांपासून सगळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं पोचली.

तारखांबद्दल अजून कोणी बोललेलं दिसत नाही. जुन्या टिपणांत आणि कुंडल्यांत शक असतो, आणि जेडकॉमच्या तारखेच्या रकान्यात शकाची सोयच नाही. म्हणून इंग्रजी साल काढायला आपण शकात सरसकट ७८ मिळवतो आणि तिथेच फसतो. शके १८२० च्या माघातला जन्म १८९८ चा नव्हे, १८९९ चा, कारण शक चैत्रात बदलतो आणि माघ येईपर्यंत इंग्रजी साल उलटलेलं असतं. आमच्या आजोबांच्या थोरल्या भावाला यामुळेच मी वर्षभर म्हातारं करून ठेवलं होतं. आता मूळ तिथी जशीच्या तशी टिपेत लिहितो, कागदाच्या फोटोसकट. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र फाइल बाहेर पाठवण्याआधी काढतो. आईचं माहेरचं आडनावही; काही बँका ओळख पटवायला अजून तेच विचारतात.