मदत हवी आहे: गाडीवर चालणारा छोटा फ्रिज सारखा बंद पडतोय, आम्ही तोरणमाळला आहोत

अमळनेरी_गाडी | शनिवार, सायं. ६:२०
लवकर सांगा प्लीज, रेंज येते-जाते. १२ व्होल्टवाला पोर्टेबल फ्रिज मागच्या महिन्यात घेतला, आज पहिल्यांदाच बाहेर काढला आणि इथे तंबू ठोकून बसलोय तर हा चालू होतो, दोन मिनिटं गुरगुरतो, बीप करतो आणि बंद. परत आपोआप चालू, परत बंद. स्क्रीनवर एफ१ येतंय. नवीन आहे, पडला नाही, आपटला नाही. कस्टमर केअरला लावला तर ऑफिस बंद झालं म्हणून रेकॉर्ड केलेली बाई सांगते. आतलं सामान खराब होईल हो.

गॅसवाले_काका | ६:२६
गॅस गेला. सात पायरीच्या घाटात हादरे बसले असतील, कुठेतरी बारीक लीक झाला. ३० वर्षं हेच काम केलंय. शहाद्याला उतरा आणि गॅस भरून घ्या.

भुसावळ_सायडिंग | ६:२९
कॉम्प्रेसरचा आहे की पेल्टिअरचा (म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला, विजेवर गार होणाऱ्या पट्टीचा)? पेल्टिअर असेल तर विसरा, तो बाहेरच्या हवेपेक्षा १५-२० डिग्रीच खाली जातो. आमच्याकडे आज ४५ आहे, म्हणजे आत २५, त्यापेक्षा आमचा माठ बरा.

अमळनेरी_गाडी | ६:३३
कॉम्प्रेसरचा. लिहिलं की गुरगुरतो म्हणून.

धुयाना_पोर | ६:३५
कसाले फ्रिज लई गया भो तोरणमाळले? आठे धुयामा ४४ शे, फ्रिजनी गरज आम्हले शे 😄

मीटर_हातात_घ्या | ६:४१
काका, दोन मिनिटात गॅस गेल्याचं कळत नाही. गॅस गेला तर कॉम्प्रेसर नुसता पळत राहतो आणि थंड होत नाही. हा तर बंद पडतोय. बऱ्याच मॉडेलमध्ये एफ१ म्हणजे फ्रिजला व्होल्टेज कमी पोचतंय, तरी पुस्तिकेत बघा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.
अमळनेरी, हे सांगा: लावलाय कुठे, गाडीच्या सॉकेटला की वेगळ्या बॅटरीला? इंजिन चालू की बंद? रस्त्यात चालला का? वायर फ्रिजबरोबर आलेलीच आहे का?

अमळनेरी_गाडी | ६:५२
पुस्तिका घरी. गाडीच्या सॉकेटला, अजून कुठे लावणार. इंजिन बंद आहे, रात्रभर थोडीच चालू ठेवणार. रस्त्यात मस्त चालला, शिरपूरजवळ ५ डिग्री दाखवत होता. बॅटरी ठणठणीत आहे, दिवाळीत नवीन टाकली.

लिथियमप्रेमी | ६:५५
गाडीच्या बॅटरीवर फ्रिज चालवूच नये. १०० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या, टपावर सोलर पॅनल, आयुष्यभर डोकेदुखी नाही. मी तेच केलंय. फोटो टाकू का?

भुसावळ_सायडिंग | ६:५७
तो तोरणमाळला बसलाय, तुम्ही त्याला बॅटरी विकत घ्यायला सांगताय.

लिथियमप्रेमी | ६:५८
पुढच्या वेळेसाठी सांगतोय.

शहादा_बायपास | ७:०३
सोप्पं आहे. फ्रिजमध्ये बॅटरी प्रोटेक्शनची सेटिंग असते एच, एम, एल (हाय, मीडियम, लो). ती एच वर असेल. एल करा, चालेल. पाच सेकंद बटण दाबून धरा.

अमळनेरी_गाडी | ७:१४
एल केलं, चालू झाला!!! दहा मिनिटं झाली बंद नाही पडला. धन्यवाद शहादाभाऊ, जिंकलात. सकाळी सीताखाई बघून निघू.

मीटर_हातात_घ्या | ७:२०
थांबा थांबा. सकाळी सेल्फ मारायचाय ना? एल म्हणजे साधारण साडेनऊ-दहा व्होल्टपर्यंत फ्रिज बॅटरी पिळत राहणार. गाडीची नेहमीची लेड ॲसिड बॅटरी तोपर्यंत मेलेली असते. एच वर ११ च्या आसपास तोडतो तो तुमची गाडी सुरू व्हावी म्हणूनच. ठणठणीत बॅटरीवर एच मध्ये दोन मिनिटात बंद पडतोय म्हणजे मधेच कुठेतरी व्होल्ट गळतायत. वायरचं उत्तर तुम्ही अजून दिलंच नाही.

शहादा_बायपास | ७:२२
माझा दोन वर्षं एल वरच आहे, काही झालं नाही.

मीटर_हातात_घ्या | ७:२३
तुमचा गाडीच्याच बॅटरीवर आहे?

शहादा_बायपास | ७:२५
नाही, इन्व्हर्टरची जुनी १५० एएच आहे डिकीत.

भुसावळ_सायडिंग | ७:२५
🙏

अमळनेरी_गाडी | ७:३८
वायर फ्रिजची छोटी आहे, गाडीपासून तंबूपर्यंत पोचत नाही, म्हणून शालकाने एक्स्टेंशन करून दिली, ६-७ मीटर असेल. चांगली वायर आहे, तांब्याची. बाजूच्या तंबूतल्या पोराकडे मीटर निघाला, वायरच्या टोकाला १२.३ दाखवतो आणि सॉकेटलाही १२.३. म्हणजे वायर ओके आहे.

मीटर_हातात_घ्या | ७:४४
फ्रिज काढून मोजलं ना? करंटच वाहत नसेल तर केसाएवढ्या वायरच्या टोकालाही १२.३ च दिसणार. लोडवर मोजा. फ्रिज लावा, कॉम्प्रेसर चालू असताना दोन्हीकडे. आणि वायरवर काय छापलंय ते वाचा.

चोपड्याची_ताई | ७:४६
इतकं चाललंय पण आत आहे काय ते कुणी विचारलंच नाही.

अमळनेरी_गाडी | ७:५९
दूध, ताक, पनीर, वांगी (भरताची, ती बाहेर पण चालतील), मुलांचं कुल्फीचं मिश्रण आणि आप्पांचं इन्सुलिन.
वायरवर ०.७५ लिहिलंय. फ्रिज चालू असताना सॉकेटला १२.१, फ्रिजच्या टोकाला १०.६. हे काय आहे?

मीटर_हातात_घ्या | ८:०६
हेच ते. पॉइंट पंचाहत्तर चौरस मिमीची वायर म्हणजे दर मीटरला जवळजवळ २३ मिलिओहम अडथळा. ७ मीटर जायचे, ७ यायचे, १४ मीटर, म्हणजे ०.३२ ओहम. फ्रिज ४-५ अँपिअर ओढतो. पाचने गुणा, दीड व्होल्ट वायरमध्येच गेला. बॅटरीला बारा, फ्रिजला साडेदहा, आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. रस्त्यात चालला कारण तेव्हा एक्स्टेंशन नव्हती आणि इंजिनवरचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) १४ व्होल्ट देत होता. हीच वायर ४ एमएमची (म्हणजे ४ चौरस मिमी) असती तर ०.३ व्होल्टच पडला असता.
आत्ता: एक्स्टेंशन काढा, फ्रिज गाडीत न्या, स्वतःच्या वायरवर लावा, सेटिंग परत एच वर.

गॅसवाले_काका | ८:०९
वायरने इतका फरक पडत नाही. मी कूलर ३० मीटर एक्स्टेंशनवर चालवतो.

मीटर_हातात_घ्या | ८:११
कूलर २३० वर आहे काका. तिथे दीड व्होल्ट गेला तर कूलरला पत्ताही लागत नाही.

चोपड्याची_ताई | ८:१२
इन्सुलिन आहे हे पहिल्या ओळीत लिहायचं ना हो दादा!! फ्रिज किती डिग्रीवर सेट केलाय? कुल्फी जमवायला उणे केलाय का?

अमळनेरी_गाडी | ८:१८
मी ५ वर ठेवला होता. मुलाला विचारलं, त्याने इथे पोचल्यावर उणे १० केलंय. स्क्रीनवर आत्ता १४ आहे.

चोपड्याची_ताई | ८:२३
मग नशीब समजा वायर बारीक होती. फ्रिज नीट चालला असता तर इन्सुलिन गोठलं असतं, आणि गोठलेलं नंतर वितळवून वापरत नाहीत, फेकूनच द्यावं लागतं. आता ५ करा आणि बटणं लॉक करा. माझ्या सासूबाईंचं ११ वर्षं मीच बघते म्हणून सांगते, न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, पण जे पेन चालू आहे ते फ्रिजबाहेर २५-३० च्या खाली साधारण चार आठवडे चालतं, पाकिटावर बघा, औषधाप्रमाणे फरक असतो. १४ डिग्रीला काही तासांत बिघडलं असं नाही, तरी मनात शंका असेल तर आप्पांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.
आणि फ्रिज नाहीच चालला तर पेन कोरड्या डबीत, डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ सावलीत. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी म्हणून हे जमतं, मुंबईच्या पाहुण्यांना सांगू नका. फक्त बर्फावर थेट ठेवू नका.

धुयाना_पोर | ८:२६
कुल्फी गई मंग 😔

तापी_पूर | ८:३१
विषय निघालाच आहे तर, शहाद्याला शेवभाजी कुठे चांगली मिळते? उद्या जातोय.

शहादा_बायपास | ८:३४
कुठेही बसा, फक्त शेव आधी टाकू नका म्हणावं, ताटात आल्यावर टाकायची. नाहीतर लगदा.

लिथियमप्रेमी | ८:३७
हॉटेलवाले लाल तेल सोडतात वरून, घरची ती घरची.

अमळनेरी_गाडी | ९:०२
फ्रिज बोलेरोत मागच्या सीटवर, सरळ सॉकेटला, एच वर. अर्धा तास झाला बंद नाही, १४ वरून ९ वर आला. आप्पांच्या डॉक्टरांशी बोललो, चालू पेन वापरा म्हणाले. रात्रभर असाच ठेवू का?

मीटर_हातात_घ्या | ९:१०
ठेवा, काच बोटभर खाली करा आणि फ्रिजच्या जाळीवर गोधडी-उशी टाकू नका, गरम हवा तिथूनच निघते. तिकडे रात्री गार होतं त्यामुळे कॉम्प्रेसर अर्धा वेळही चालणार नाही, सकाळपर्यंत १५-२० एएच जातील. एच असल्यामुळे त्याआधी बॅटरी उतरली तर तोच थांबेल. झोपायच्या आधी अर्धा तास इंजिन चालवलंत तर अजून बरं, पण तेव्हा गाडीत कुणी झोपलेलं नको.

अमळनेरी_गाडी | रविवार, सकाळी ७:१५
सेल्फ एका फटक्यात. आत ४ डिग्री. मीटरभाऊ, ताई, दोघांचे आभार. पोरगं रुसलंय, त्याला पिंपळनेरला आइस्क्रीम कबूल केलंय, आता म्हणू नका की पिंपळनेर रस्त्यात नाही, मला माहितीये.

शहादा_बायपास | ७:२१
पिंपळनेर रस्त्यात नाही.

गॅसवाले_काका | ७:४०
तरी अमळनेरला गेल्यावर गॅसचं प्रेशर बघून घ्या.

अमळनेरी_गाडी | ७:५२
हो काका. एक राहिलं, ४ एमएमची लवचिक वायर अमळनेरला सुटी मीटरवर मिळेल का? आणि शालकाला न दुखावता हे कसं सांगायचं, तो आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे.