युद्धानंतरची कामं देणगीदार कंपन्यांनाच का जातात? नेमका संबंध कसा ओळखायचा

मांजराकाठी (लातूर):
नमस्कार मंडळी. शनिवारी आमच्या अभ्यासिकेत गटचर्चा आहे, विषय आलाय युद्धानंतरची पुनर्बांधणी आणि कंपन्यांच्या राजकीय देणग्या. चार दिवस झाले इराकचं वाचायलोय. ऑक्टोबर २००३ मधे सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी या अमेरिकेतल्या संस्थेनं हिशोब मांडला होता, ७० च्या वर कंपन्या आणि व्यक्तींना इराक-अफगाणिस्तान मिळून ८ अब्ज डॉलरपर्यंतची कामं, आणि या कंपन्यांच्या देणग्या सगळ्यात जास्त कुणाला तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना, ५ लाख डॉलरच्या थोडं वर. माझा मित्र म्हणतो झालं की सिद्ध, पैसे दिले अन् काम घेतलं. मला ते पटंना. ८ अब्जांपुढं ५ लाख म्हणजे शेकड्याला एक पैसासुद्धा पडत नाही, एवढ्यात कोण कुणाला विकत घेतं? पण मग संबंधच नाही असंही मन म्हणायला तयार नाही. कुणी नीट उलगडून सांगंल का?

गुत्तेदाराचा पोरगा (अहमदपूर):
भाऊ, देणगी आणि टेंडर यांच्या मधे एक पायरी असते, ती तुझ्या मित्रानं सोडून दिली. काम कुणाला जाणार ते टेंडर उघडायच्या दिवशी नाही ठरत, अटी लिहितात त्या दिवशी ठरतं. माझे वडील २८ वर्षं या धंद्यात. एका रस्त्याच्या कामाला आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या नावानं टेंडर भरणार होतो, अनामतीसाठी आईचं सोनं बँकेत ठेवलं, आणि नोटीस निघाली तर अट काय, हॉटमिक्स प्लांट (डांबर-खडी मिसळायचा) स्वतःच्या मालकीचा पाहिजे आणि तोही कामापासून ठराविक किलोमीटरच्या आत. त्या टापूत तसा प्लांट एकाच माणसाचा. वडील ओट्यावर बसून त्या एका ओळीवर बोट ठेवून परत परत वाचत होते, मी दहावीला होतो, अजून डोळ्यापुढं आहे. कागदावर सगळं नियमात होतं.

आता हेच इराकला लावून बघ. अमेरिकेनं इराकवर युद्ध सुरू केलं मार्च २००३ ला. त्याच्या आधी नोव्हेंबर २००२ मधे हॅलिबर्टन या अमेरिकी तेलसेवा कंपनीच्या केबीआर या उपकंपनीला १९ लाख डॉलरचं एक छोटं काम दिलं, तेलविहिरींना आगी लागल्या तर काय करायचं त्याचा आराखडा लिहायचं. मग मार्चमधे अमेरिकी लष्कराचे अधिकारी म्हणले आराखडा यांनीच लिहिलाय, सगळी माहिती यांनाच आहे, तर काम पण हेच करू शकतात. कसलीच स्पर्धा नाही, मर्यादा ७ अब्ज डॉलर! म्हणजे अंदाजपत्रक ज्यानं केलं त्याच्याच नावानं वर्क ऑर्डर. डिक चेनी १९९५ ते २००० हॅलिबर्टनचे प्रमुख होते आणि युद्धाच्या वेळी अमेरिकेचे उपाध्यक्ष. त्यांनी स्वतः काम मिळवून दिलं असं सिद्ध झालेलं नाही हेही चर्चेत सांग, नाहीतर समोरचा तुला तिथंच धरंल. बेक्टेल या अमेरिकी बांधकाम कंपनीला एप्रिल २००३ मधे ६८ कोटी डॉलरपर्यंतचं काम मिळालं तेपण मोजक्या कंपन्या बोलावून, आणि त्यांच्या संचालकांत माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ. देणगी, जुनी ओळख, जुनी नोकरी या सगळ्यामुळं काय होतं, तर अट लिहिताना त्या खोलीत कोण बसलंय ते ठरतं.

निवृत्त लेखापाल (परभणी):
वरच्या दादांशी सहमत, फक्त बिलाची बाजू राहिली. ही कामं बऱ्याच ठिकाणी 'झालेला खर्च अधिक फी' या पद्धतीची होती, म्हणजे खर्च कमी ठेवायची गुत्तेदाराला काही गरजच नाही. डिसेंबर २००३ मधे पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, लेखापरीक्षकांनी केबीआरनं कुवेतवरून आणलेल्या इंधनात ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जास्तीचं बिल लागल्याचं काढलं. आणि बनाटाइन ग्रीनहाऊस या बाईंचं नाव लिहून ठेवा. लष्कराच्या अभियंता विभागात ठेक्यांच्या सगळ्यात वरिष्ठ अधिकारी. तेलाच्या त्या ठेक्यावर सही करताना एवढी लांब मुदत नको असं त्यांनी हातानं सहीशेजारी लिहिलं. पुढं २००५ मधे त्यांना पदावरून खाली आणलं, २०११ मधे ९ लाख ७० हजार डॉलरवर तडजोड झाली. मी आयुष्यभर बिलं तपासली आहेत, सहीशेजारी दोन ओळी लिहायला काय लागतं ते मला माहीत आहे, बाकीची टेबलं आपल्याकडं बघतसुद्धा नाहीत नंतर.

अजून एक. तिकडं कुणी कुणाला किती दिले ते उघड होतं म्हणून त्या संस्थेला देणग्यांचा तो हिशोब युद्ध सुरू झाल्यापासून ७ महिन्यांत मांडता आला. आपल्याकडं निवडणूक रोख्यांची नावं सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना रद्द केल्यावर बाहेर आली, तोवर ६ वर्षं कामांची यादी अन् देणगीची यादी शेजारी ठेवताच येत नव्हती.

तेरणाकाठची (उमरगा):
लेकरा, एवढ्या लांब जातोस तर किल्लारीचं पण घे. ते युद्ध नव्हतं, पण गाव पडल्यावर पैसा कुणाच्या हातातून जातो हा प्रश्न तोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जी गावं उठवून दुसरीकडं वसवली तिथं घरं बहुतेक गुत्तेदारांनी नाहीतर देणगीदार संस्थांनी बांधून दिली. पण जिथं घरं पूर्ण पडली नव्हती, नुसती दुरुस्ती होती, तिथं पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या बँक खात्यात आला. माझी मावशी औसा तालुक्यात संवाद सहायक होती, म्हणजे गावकरी अन् सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा, महिला मंडळातल्या बायकांना नेमलं होतं तसं. दगडी भिंतीत आरपार बांधणी घातली का ते ती हातानं चाचपून बघायची, सिमेंटला पाणी कमी मारलं की घरमालकिणीलाच उठवायची की बाई हे तुझं घर आहे, तू विचार. इराकमधे असं विचारणारं कुणी होतं का? पुनर्बांधणीवर अमेरिकेचे ६० अब्ज डॉलर गेले, त्यांच्याच खास महानिरीक्षकांनी २०१३ मधे लिहिलं की किमान ८ अब्ज वाया गेले. ज्यांची घरं पडली त्यांच्या हातात त्यातलं बिल कधी पडलं असंल असं मला वाटत नाही.

मांजराकाठी (लातूर):
ताई, दादा, काका, मनापासून आभार, माझा प्रश्नच चुकीच्या जागी उभा होता. ताई एक विचारू, दुसरा हप्ता मावशींच्या सांगण्यावर अडायचा का सही इंजिनिअरचीच लागायची?

तेरणाकाठची (उमरगा):
सही इंजिनिअरचीच. पण मावशी म्हणायची, बायका ओट्यावर बसून राहिल्या की साहेबाला भिंत परत बघायला यावंच लागायचं.