बराकीतली शिस्त आणि कलम ४६

समलिंगी व्यक्तींनी सैन्यात असावं का, या चर्चेत एकांनी लिहिलंय की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, आता सैन्यातही अडचण उरली नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, एका बराकीत राहायचं तर शिस्त बिघडेल. मला दोन्ही पटलं नाही.

सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, हे खरं. पण लष्कराला १९५० चा आर्मी ॲक्ट लागू आहे. त्याच्या कलम ४६ मध्ये 'अनैसर्गिक' लज्जास्पद वर्तनाला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला देतं. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी सैन्यात समलिंगी संबंध चालू देणार नाही असं जाहीर सांगितलं होतं.

शिस्तीचं म्हणाल तर ब्रिटनने सैन्यातल्या समलिंगींवरची बंदी २००० साली उठवली, अमेरिकेने २०११ मध्ये. ब्रिटिश सैन्य त्यानंतर अनेक वर्षं अफगाणिस्तानात लढलं. जबरदस्ती करणाऱ्याला शिक्षा हवीच, मग तो कुणीही असो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात माढा-बार्शीकडची पोरं भरतीसाठी पहाटे अंधारात पळतात. त्यांत एखादा समलिंगी असणारच. तो १६०० मीटर वेळेत पळेल, मेडिकल काढेल, आणि पुढे सगळी नोकरी लग्नाच्या विषयावर खोटं बोलत काढेल. ब्लॅकमेल करणाऱ्याला याहून सोपं सावज कुठलं? सुरक्षेचा खरा धोका मला इथे दिसतो, आणि त्या पोराची फार काळजी वाटते. संमतीचे संबंध संसदेने कलम ४६ च्या बाहेर काढावेत, तेही लवकर.