भाच्याला लिबीचा पिन द्यावा का?

मोगरा_जर्सी
भाचा पुण्यात, मी न्यू जर्सीत. लिबी या लायब्ररीच्या ई-बुकांच्या ॲपवर वाचायला त्याला माझ्या लायब्ररी कार्डाचा नंबर आणि पिन हवाय. नाही म्हटलं, तर बहीण फुगून बसलीय. इथली लायब्ररी आमच्या घरपट्टीवर चालते, बिलात तिची वेगळी ओळच असते. कायद्याने किमान दर घराच्या दर हजार डॉलर किमतीमागे 33 सेंट. माझं काही चुकलं का?

कट्टेकरी
चुकलंच! ई-बुक काय झिजतं? शेजाऱ्याला पेपर देतोच ना आपण वाचायला?

जुना_वाचक
झिजतं हो. हार्पर कॉलिन्स या प्रकाशकाने 2011 मध्ये नियमच केला: लायब्ररीने ई-बुक 26 वेळा दिलं की लायसन्स संपलं, पुन्हा विकत घ्या. छापील पुस्तक निदान फाटेपर्यंत तरी फिरतं. शिवाय एका प्रतीला एका वेळी एकच वाचक. भाचा वाचतोय तोवर घरपट्टी भरणारा रांगेत.

कट्टेकरी
सगळे प्रकाशक असं मोजत नाहीत. कित्येकांची लायसन्स दोन वर्षांनी संपतात, कोणी वाचो न वाचो. पडून राहिलेलं पुस्तक पुण्यात वाचलं गेलं तर कुणाचं काय गेलं?

मोगरा_जर्सी
पडून राहिलेलं मागतोय कोण! त्याची यादी बघितली मी, सगळी ताजी बेस्टसेलर.

पेठेतली_सून
बाहेरच्यांना दिलं की लगेच अन्याय कसा? ब्रुकलिनच्या लायब्ररीने 2022 मध्ये 13 ते 21 वयाच्या मुलांना, ती अमेरिकेत कुठेही राहोत, ई-कार्ड फुकट द्यायला सुरुवात केली. पुस्तकांवर गावोगाव बंदी येत होती म्हणून.

जुना_वाचक
ते लायब्ररीने स्वतः ठरवलं. तीच लायब्ररी राज्याबाहेरच्या मोठ्यांकडून कार्डाचे वर्षाला 50 डॉलर घेत असे. मावशीचा पिन वापरणं ही निराळी गोष्ट.

पेठेतली_सून
हे मात्र मान्य. आपल्याकडे महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाहीच. सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यावर गाडा चालतो. आमच्या वाचनालयात डिपॉझिट भरा, गाव कोणी विचारत नाही. भाच्यालाही म्हणावं, हात खिशात घाल.

कट्टेकरी
खिशात घालतो, पण ती ई-बुकं तुमच्या वाचनालयात आहेत कुठे? आमच्या ग्रंथपालांना परवा लिबी म्हटलं, तर म्हणाले, ‘लेखक कोण?’

मोगरा_जर्सी
धागा बहिणीला पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.