शब्दचर्चा: 'आवरून धरते', 'भाग पाडते' आणि सेवेमागचा हेतू

विचारणा

तरुण संघासाठी 'ख्रिस्ती सेवेचा योग्य हेतू' या विषयावर टिपण तयार करते आहे. मुख्य वचन २ करिंथ ५:१४ (प्रेषित पौलाचे करिंथच्या मंडळीला दुसरे पत्र), 'ख्रिस्ताची प्रीती आम्हांला आवरून धरते'. काहींचे म्हणणे, इथे सरळ 'भाग पाडते' म्हणावे, 'आवरून' म्हटले की थोपवल्यासारखे वाटते. पण चारच अध्याय पुढे, ९:७ मध्ये, दानाबद्दल पौल म्हणतो की कोणी भाग पडते म्हणून देऊ नये. मग प्रीतीने भाग पाडले तर चालते, एरवी नाही, असे समजायचे का? दुसरे, 'हेतू' बरोबर की 'प्रेरणा'?

उत्तर

'आवरून धरते' आहे तसेच ठेवा. मूळ ग्रीक क्रियापद 'सुनेखो' आहे, म्हणजे चहूकडून धरून ठेवणे. लूकच्या शुभवर्तमानात ते कुठे कुठे येते ते पाहा. शिमोनाच्या सासूला कडक तापाने घेरले आहे (४:३८). गर्दी येशूला चेंगरते आहे (८:४५). पहारेकऱ्यांनी येशूला पकडून ठेवले आहे (२२:६३). जगावे की ख्रिस्ताकडे जावे अशा पेचात पौल सापडतो, तिथेही हेच क्रियापद (फिलिप्पै १:२३). ताप, गर्दी, पहारा, पेच. ढकलण्यापेक्षा यात निसटता न येणे जास्त आहे. थोपवल्यासारखे वाटते हा आक्षेप म्हणूनच मला फारसा पटत नाही. ५:१४ च्या पुढच्याच वचनात पौल म्हणतो की जगणाऱ्यांनी यापुढे स्वतःसाठी जगू नये. प्रीतीने थोपवले आहे ते नेमके तिथे.

९:७ मधला शब्द वेगळा आहे, 'अनांके'. गरज, निकड, सक्ती. मुळात दोन शब्द, आपण दोन्हीकडे 'भाग पाडणे' घातले की नसलेला विरोध उभा राहतो.

पण एवढ्यावर सुटका नाही. हाच 'अनांके' पौल स्वतःच्या सेवेबद्दलही वापरतो. सुवार्ता सांगणे मला भागच आहे, त्यात मिरवण्यासारखे काही नाही, असे १ करिंथ ९:१६ सांगते. मिरवण्यासारखे काय, तर ती फुकट सांगणे (९:१८). काम नेमून दिलेले, मोबदला न घेणे मात्र त्याच्या खुशीचे. त्यामुळे मन भरून आले तरच ती सेवा, कर्तव्य म्हणून केली तर खोटी, हे सोवळे पौलाच्या नावावर खपवू नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर रात्री दोन वाजता बदलताना कोणाच्याही मनात प्रीतीचे उमाळे येत नाहीत. त्या वेळी वास असतो, झोप असते, थोडी चिडचिडही असते. तरी माणूस उठतो. 'आवरून धरते' याचा अर्थ मला तरी असाच कळतो.

आता हेतू. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, हेतू म्हणजे कारण: डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो, यात धूर हा हेतू. मराठीत मात्र तो 'उद्देश' या अर्थाकडे सरकला. आज 'तुझा हेतू काय?' म्हणजे तुला काय साधायचे आहे. हेतू पुढे असतो, प्रेरणा पाठीशी असते. पौलाच्या वाक्यात प्रीती मागे आहे, आधीच मिळालेली. 'एक सर्वांसाठी मेला' हे घडून गेलेले आहे. म्हणून या वचनापुरते 'प्रेरणा' म्हणा. 'हेतू' टाकून देऊ नका, पुढे लागेल.

प्रतिशंका

मग प्रतिफळाचे काय? मत्तय ६ मध्ये दिखाऊ दानाला नावे ठेवली आहेत, आणि लगेच गुप्तपणे पाहणारा पिता फळ देईल असेही म्हटले आहे. बक्षिसाच्या आशेने केलेली सेवा ती काय निःस्वार्थ?

उत्तर

या अध्यायात मराठी भाषांतर फारच जमले आहे. 'ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत.' ग्रीक 'अपेखो' हा शब्द हिशेबातला. इजिप्तमध्ये पपायरसवर आणि खापरांवर लिहिलेल्या पावत्या सापडल्या, त्यांत 'रक्कम मिळाली' या अर्थी तो येतो. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १९०८ च्या ग्रंथात हे दाखवले. आपल्याकडे खरेदीखतातही रक्कम 'भरून पावली' असेच लिहीत. (वैतागून 'भरून पावलो!' म्हणतो तो अर्थ इथे नाही, जरी तोही फार लांबचा नाही.) दान, प्रार्थना, उपास, तिन्हींच्या बाबतीत हेच वाक्य येते, ६:२, ५ आणि १६ मध्ये. वाहवा हवी होती, ती मिळाली, व्यवहार मिटला.

म्हणजे येशूने प्रतिफळाची आशा खोडलेली नाही, कोणाकडून हवे ते विचारले आहे. इब्री ११:६ तर देव शोधणाऱ्यांना प्रतिफळ देतो हे मानणे विश्वासाचाच भाग धरते. 'निःस्वार्थ' हा शब्द इथे आपण बाहेरून आणतो. स्वार्थाचा लवलेशही नसावा, ही अट या अध्यायात मला सापडत नाही.

आणि 'हेतू' इथे लागतो. फिलिप्पै २:३ मध्ये 'तट पाडण्याच्या' (गट पाडण्याच्या) बुद्धीने काही करू नका म्हटले आहे. तिथला 'एरिथेइआ' हा शब्द मजुरीवरच्या कामावरून आला, आणि अरिस्टॉटलच्या राजकारणविषयक लेखनात तो पदासाठी केलेल्या खटपटीला वापरला आहे. मंडळीच्या निवडणुका पाहिलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हाच शब्द आदल्या अध्यायात, १:१७ मध्ये, पौल तुरुंगात असताना त्याला त्रास व्हावा म्हणून प्रचार करणाऱ्यांसाठी येतो. त्यांचा हेतू सरळसरळ वाईट. पौल काय म्हणतो? निमित्ताने असो वा खरेपणाने, ख्रिस्ताची घोषणा होते, यात मला आनंद आहे (१:१८). दुसऱ्याचा हेतू तपासून त्याची सेवा रद्द करायला तो बसत नाही. टिपणात हे वचन घेतलेत तर वाद होईल, पण घ्याच.