मदत हवी आहे : क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह, पुढं काय?

गर्भ नळीतच राहिल्यानं वहिनीची उजवी नळी काढावी लागली. आता रक्तात क्लॅमिडिया (शरीरसंबंधातून पसरणारा जिवाणू-संसर्ग) आयजीजी, म्हणजे त्याविरुद्धची अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. घरात लगेच कुजबुज, जणू तिनंच काही केलंय! बहुतेक बायकांना याचा त्रास जाणवतच नाही, आणि या अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहतात, म्हणजे संसर्ग जुनाही असेल. आत्ता आहे का ते कळायला स्वॅब किंवा लघवीची पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) लागते. ती कोल्हापुरात, राजारामपुरीकडं किंवा सीपीआर या सरकारी दवाखान्यात, होते का? की सॅम्पल पुण्याला जातं? क्लॅमिडियाच्या एचएसपी ६० या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी असतील तर नळ्या खराब असण्याची शक्यता जास्त, असं वाचलं. ती तपासणी करावी, की सरळ एचएसजी (नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे)? दादाचीही पीसीआर व्हायला हवी, पण गडी ऐकंना. कुणी नवऱ्याला कसं तयार केलं, तेही सांगा.