१९६६ च्या एमजीबी रोडस्टरचे आतील काम घरी करावे काय? मूळ चामडे ठेवावे की बदलावे?

राजमहाल_रोड (बडोदे):
सप्रेम नमस्कार. माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. इंजिन आणि ब्रेक यांचे काम पूर्ण झाले असून गाडी उत्तम चालते, परंतु आतील भागाकडे पाहवत नाही. दोन्ही सीटांचे काळे चामडे मूळचे आहे. बसण्याच्या भागावर बारीक भेगांचे जाळे पसरले आहे, लाल पायपिंग (शिवणीवरची गोल कड) जागोजागी सुटले आहे आणि चालकाच्या बाजूची एक शिवण उसवली आहे. गालिचे कुजले आहेत, डॅशबोर्डचा सुरकुत्यांचा काळा रंग उडाला आहे आणि स्टिअरिंगच्या कड्याला तडे गेले आहेत. येथील एका कुशनवाल्याने सर्व चामडे काढून नवे रेग्झीन चढवण्याचा आणि डॅशबोर्डवर सागवानी पट्टी बसवून गाडी ‘शाही’ करण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. मला मात्र हे काम शक्यतो घरीच, पावसाळ्यापूर्वी उरकायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

जुना_पत्रा:
सीटांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि प्रथम गालिच्यांखाली काय आहे ते पाहावे. एमजीबीला स्वतंत्र चासी (खालचा सांगाडा) नाही. दारांखालच्या सिल आणि फ्लोअरचा पत्रा हेच गाडीचा भार पेलतात. त्यामुळे तेथील गंज हा दिसण्याचा दोष नसून गाडीच्या बळकटीचा प्रश्न असतो. सीट काढून गालिचा आणि त्याखालचा नमदा पूर्ण उचलावा, पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जावे आणि जेथे आवाज बोदा येईल किंवा टोक आत जाईल तेथे खुणा कराव्यात. दार आणि बॉडी यांतील फट वर अरुंद व खाली रुंद दिसत असेल, तर गाडी मध्यभागी खचली आहे असे समजावे. अशा वेळी आधार न देता सिल कापणाऱ्या वेल्डरला गाडीजवळ येऊ देऊ नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात ज्या भागांत शिरले, तेथे आपली गाडी उभी असेल तर सिलच्या पोकळीतला गाळ धुऊन काढणे अपरिहार्य आहे, कारण तो गाळ ओल धरून पत्रा आतून खातो.

पत्रा निर्दोष झाल्यावर प्रायमर, रंग आणि नंतरच आवाज रोखणारे थर द्यावेत. मूळ गाडीत होता म्हणून तागाचा किंवा लोकरीचा नमदा पुन्हा घालण्याचा हट्ट मी धरणार नाही. उघड्या गाडीत पाणी येणारच, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तो नमदा आठवडाभर ओला राहतो. पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घालावा. वर गालिचा असल्याने तो कोणाला दिसत नाही.

चर्मसेवक:
चामड्याविषयी लिहितो. त्या काळातील एमजीबीच्या सीटांवर शरीर टेकते तेवढ्याच भागावर चामडे असून बाजूंना रेग्झिनसारखे कापड असते, हे लक्षात घेऊन दोन्ही भाग वेगळ्या पद्धतीने हाताळावेत. भेगा रंगाच्या थरात आहेत की चामड्याच्या तंतूंत, यावर पुढचा निर्णय अवलंबून आहे. चामडे दोन बोटांनी हलके ताणावे. भेगेच्या तळाशी तंतू फाटलेले दिसत नसतील आणि चामडे अजून लवत असेल, तर ते वाचते. उन्हात तापून आकसलेले, पुठ्ठ्यासारखे कडक झालेले चामडे कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. तेवढाच तुकडा बदलावा.

सौम्य साबणाचा फेस आणि मऊ ब्रश यांनी लहान लहान भाग स्वच्छ करावेत, पाणी ओतू नये आणि सीट सावलीतच वाळू द्यावी. त्यानंतर भेगांमध्ये चामड्यासाठीचा लवचीक भराव अगदी पातळ थरांत भरावा, प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा, आणि शेवटी पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने किंवा फवाऱ्याने विरळ थरांत द्यावा. जाड थर दिला की सीट प्लास्टिकची वाटू लागते. घरोघरी सांगितला जाणारा खोबरेल तेलाचा उपाय कृपया करू नये. तेलाने चामडे काळवंडते, नवा रंग धरत नाही आणि पावसाळ्यात बुरशी येते. उसवलेली शिवण जुन्याच छिद्रांतून, वाकड्या सुईने, पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याने घालावी. नवी छिद्रे पाडली तर जुने चामडे त्या रेषेवर तिकिटासारखे फाटते. फोमचा भुगा झाला असेल तर चामडे उतरवल्यावर तो आणि सीटखालचा रबरी आधार दोन्ही बदलावेत, कारण फोम बसला की चामड्यावर सुरकुत्या येतात आणि भेगा पुन्हा उघडतात.

गाडी_चालवणारा:
वरील सल्ला मान्य आहे, तथापि आपण गाडी दर रविवारी चालवणार असाल तर बसण्याचे मधले पट्टे नव्या चामड्याचे करून घेण्यात कमीपणा मानू नये. आपल्याकडे म्हशीचे चामडे सहज मिळते, पण त्याचा दाणा जाड असतो. शेजारच्या मूळ चामड्याशी तो जुळत नाही, म्हणून नमुना हातात घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नये. रेग्झीन मात्र नकोच. चाळीस अंशांच्या उन्हात उघड्या गाडीतल्या रेग्झिनवर बसून पाहावे म्हणजे मुद्दा पटेल.

मीटरवाला:
सागवानी पट्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. या गाडीचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा आणि सुरकुत्यांच्या काळ्या रंगाचा असतो. लाकूड तेथे कधीच नव्हते. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या परिसरात ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ ही जुन्या गाड्यांची स्पर्धा झाली. अशा स्पर्धांमध्ये मूळपणाला गुण असतात आणि अशी ‘शाही’ भर उलट महागात पडते. सुरकुत्यांचा रंग उष्णतेने उमटतो, म्हणून हेअर ड्रायरशी झटापट करण्यापेक्षा मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग करणाऱ्यांकडे तशा पोताची चौकशी करावी. स्टिअरिंगच्या तड्यांसाठी इपॉक्सी पुरेसे आहे: तडा व्ही आकारात रुंद करून भरावा, घासावा आणि मग रंगवावा.

डॅशबोर्ड सोडवताना एक गोष्ट विसरू नये. तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या जोडमीटरपासून इंजिनापर्यंत एक बारीक धातूची नळी जाते. तिच्यात द्रव बंदिस्त असतो. ती पिळली किंवा तुटली की मीटरचा तापमानाचा भाग निकामी होतो आणि नळीला साधे सांधकाम चालत नाही. प्रथम रेडिएटरचे पाणी उतरवावे, इंजिनाकडचे टोक सोडवावे आणि मीटर नळीसकट बाहेर काढावे. तारांचे फोटो काढून प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी.

राजमहाल_रोड:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चामडे ठेवायचे, सागवान नाकारायचे आणि आधी फ्लोअर उघडायचा, हे निश्चित केले. सीट काढण्यापूर्वी बॅटरी सोडवावी लागेल काय? आणि गालिचा नव्याने बसवताना मोबाइल चार्जर लपवून जोडावा असा विचार आहे.

मीटरवाला:
होय, सोडवावी. सीटांच्या मागच्या फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतात; त्यांचे पेटारेही गंजाने खाल्लेले असतात, तेव्हा त्याच वेळी तपासावेत. आपल्या सालच्या गाडीत बॉडीला धन टोक जोडलेले असते, म्हणून पहिल्यांदा तेच सोडवावे. आजचे चार्जर ऋण टोक बॉडीला असलेल्या गाड्यांसाठी बनतात आणि त्यांचे धातूचे कवच ऋण टोकाला जोडलेले असते. ते कवच बॉडीला टेकले तर शॉर्ट होईल. चार्जर जोडायचाच असेल तर तो पूर्ण प्लास्टिकच्या आवरणातला घ्यावा, दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्यात आणि मधे फ्यूज ठेवावा.